वाटीभर पाण्यातले गुपित

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी शिलाई मशीनवर बसले होते. धाकटा शाळेतून आला, दप्तर उघडले आणि वहीत जपून ठेवलेला एक कागद माझ्या हातावर ठेवला. चॉकलेटच्या बारचा रिकामा कागद! वरून तपकिरी, आतून चंदेरी. वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस होता. त्याने चौघांत एक बार वाटला होता. आमच्या चिरंजिवांच्या वाट्याला पाव बार आला. तो खाऊन झाला, पण कागद काही टाकवेना. पट्टीने घासून त्याने तो इस्त्री केल्यासारखा सपाट केला होता.

"आई, ह्याच्यात तीन थर असतात. खाली पांढरा मऊ, मग पिवळा चिकट, त्यात दाणे, आणि सगळ्यावरून चॉकलेट. हे घरी होतं का गं?"

"छे रे, ते मशीनचं काम," मी मान वर न करता म्हणाले.

सासूबाई खाटेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीन काय झाडाला लागतं? आधी कुणीतरी हातानंच केलं असंल की."

भगिनींनो, त्या एका वाक्याने मला कामाला लावले. चौकशी केली, वाचले, दोनदा करून पाहिले, त्यातले एकदा सपशेल फसले. आणि कळले ते हे की सासूबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तेच आज तुमच्यासमोर मांडते आहे.

आईच्या चुलीजवळ शिकलेला मुलगा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १८८३ साली फ्रँक मार्स नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच त्याला पोलिओ झाला. पाय अधू, शाळेत चालत जाणे होईना. मग दिवसभर हे मूल आईजवळ स्वयंपाकघरात बसून राही. पोराचा जीव रमावा म्हणून आईने त्याला हाताने चॉकलेट करायला शिकवले. गोड गोळी कशी वळायची, ती पातळ चॉकलेटमध्ये कशी बुडवायची, कधी उचलायची, हे सारे तो आईच्या शेजारी बसून शिकला.

मोठेपणी त्याने हाच धंदा धरला. १९११ साली टॅकोमा या गावी घरच्या स्वयंपाकघरात गोड वड्या करून विकायला सुरुवात केली. पत्नी एथेल मदतीला होती. पण धंदा काही लगेच उभा राहिला नाही. अपयश आले, कर्ज झाले, गाव सोडावे लागले. १९२० च्या सुमारास तो मिनियापोलिस शहरात परत आला आणि १९२३ साली त्याने 'मिल्की वे' नावाचा बार बाजारात आणला. तळाशी हवेने फुगवलेला मऊ थर, त्यावर दूध-साखरेचा चिकट थर आणि सर्वांगावर चॉकलेटचे आवरण. या तीन थरांनी त्याचे नशीब पालटले. १९२९ साली शिकागोला मोठा कारखाना निघाला. १९३० साली त्याच कुळीत शेंगदाणे घालून 'स्निकर्स' आला. घरच्या लाडक्या घोड्याचे नाव त्या बारला दिले होते. पुढे १९३२ साली फ्रँकचा मुलगा फॉरेस्ट इंग्लंडला गेला आणि स्लाव या गावी त्याने 'मार्स' बार काढला.

मिल्की वे बारची चव आपल्या घरांना अनोळखी नाही. त्या काळी अमेरिकेत माल्ट घातलेले दूध फार लोकप्रिय होते. फ्रँकने तीच चव बारमध्ये आणली. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्ली. आपण ज्याला हॉर्लिक्स म्हणतो ते हेच. विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या इंग्रज भावांनी अमेरिकेत जाऊन माल्ट-दुधाची पावडर केली आणि १८८३ साली तिचे पेटंट घेतले. म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना आपण जी बाटली नेत आलो, तिची आणि या बारची चव एकाच घरची.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. इतका मोठा कारखानदार, पण सुरुवातीची कित्येक वर्षे बारवरचे चॉकलेट तो स्वतः करीत नव्हता. ते तो हर्शी या दुसऱ्या कंपनीकडून विकत घेई. तेव्हा आपण बाजारातून चॉकलेटची लादी आणली म्हणून आपला बार 'घरचा' नाही, असे कोणी म्हणू नये.

साखर एकच, पाक वेगळे

आता मुख्य मुद्दा. या बारचे दोन्ही आतले थर म्हणजे साखरेचा पाक. फरक असतो तो पाक किती शिजवला आणि त्यात काय मिसळले याचा. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि तिथेच थांबते. कितीही जाळ करा, पाणी त्याहून तापत नाही. पण पाण्यात साखर विरघळली की उकळण्याचा अंश वर सरकतो. जसजशी वाफ उडून जाते, पाणी कमी होते, तसतसा पाक अधिकाधिक तापतो. म्हणून पाकाचा अंश म्हणजे त्यात पाणी किती उरले याची मोजपट्टी. पाणी जास्त उरले तर वडी मऊ, कमी उरले तर चिवट, जवळपास उरलेच नाही तर कडक.

कारखान्यात हे काम तापमापक करतो. आपल्या घरी ते एक वाटी गार पाणी करते. पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा आणि बोटांनी गोळा करून पाहायचा:

सुमारे ११२ ते ११६ अंशाला गोळी होते, पण बाहेर काढली की बोटावर चपटी होते.

११८ ते १२१ अंशाला गोळी आकार धरते. दाबली तर दबते, सोडली तर तशीच राहते.

१२१ च्या पुढे १३० पर्यंत गोळी घट्ट होत जाते.

१४६ ते १५४ अंशाला थेंब पाण्यात पडताच काचेसारखा होतो आणि मोडला की कट्कन आवाज येतो.

हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या हसल्या. "पहिला कच्चा गोळीबंद, दुसरा पक्का गोळीबंद, आणि आवाज येतो तो चिक्कीचा. हे पुस्तकात लिहिलंय व्हय?" ज्या बाईने उभ्या जन्मात तापमापक वापरला नाही, तिच्या बोटांना हे सगळे अंश पाठ होते. आपल्या आया-आज्या लाडू-वड्या करीत आल्या, त्यांच्याकडे हे शास्त्र होतेच. फक्त त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही.

तापमापक असेल तर जरूर वापरा, पण आधी तो उकळत्या पाण्यात धरून पाहा. मुंबईत तो १०० दाखवील. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९८ अंशाच्या आसपास उकळते. मग पाकाचा प्रत्येक आकडाही दोन अंशांनी कमी धरावा. वाटीतल्या पाण्याला मात्र हा हिशेब लागत नाही. ते सगळीकडे खरेच बोलते.

साहित्य

आठ इंची चौकोनी ट्रे किंवा उभ्या काठांची परात घ्यावी. यात बोटाच्या दोन पेरांएवढे सुमारे साठ तुकडे होतात.

पांढऱ्या थरासाठी (याला नूगट म्हणतात): दोन अंड्यांचा पांढरा भाग, साखर २५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, पाणी पाऊण वाटी, हॉर्लिक्स किंवा दूध पावडर चार मोठे चमचे, लोणी एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ.

पिवळ्या थरासाठी (हे कॅरॅमल): कन्डेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम म्हणजे अर्धा डबा, साखर १५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ७५ ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, पाणी पाव वाटी, चिमूटभर मीठ, आणि खमंग भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम.

वरच्या आवरणासाठी: चॉकलेटची ५०० ग्रॅमची लादी.

लिक्विड ग्लुकोज केकचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. ते कशाला, असे वाटेल. नुसत्या साखरेचा पाक निवताना पुन्हा दाणेदार होऊ पाहतो. साखरेचे कण एकमेकांना ओढून घेतात. मध्ये ग्लुकोजचे वेगळ्या घडणीचे कण आले की ती रांग मोडते आणि वडी गुळगुळीत राहते. ग्लुकोज नाहीच मिळाले तर तेवढाच मध घ्या, नाहीतर साखर थोडी वाढवून पाकात अर्धा चमचा लिंबाचा रस पिळा. लिंबू साखर फोडून तेच काम करते. आपल्या पाकात लिंबू पिळण्याची रीत आहे, ती उगाच नाही.

पहिला थर: नूगट

नूगट हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. फ्रान्समधील माँतेलिमार, इटलीतील क्रेमोना, इराणमधील इस्फहान ही गावे या पांढऱ्या मिठाईसाठी जुन्या काळापासून नावाजलेली आहेत. इस्फहानला तिला गज म्हणतात. अंड्याचा पांढरा भाग फेसायचा, त्यात कढत पाक ओतायचा, एवढीच मूळ युक्ती. फेसात हवा अडकते, पाकाने तो फेस शिजून घट्ट होतो. कारखानदाराला यात मोठा फायदा दिसला: थोड्या मालात बार मोठा दिसतो. नुसत्या चॉकलेटच्या वडीशेजारी फ्रँक मार्सचा बार ठेवला तर त्याच पैशांत तो दुप्पट वाटे. आपण बार विकत घेतो तेव्हा थोडे पैसे हवेचेही देतो, हे लक्षात असू द्यावे.

या थराला दोन माणसे हवीत. आमच्याकडे मी पाकाशी आणि यजमान फेसाशी, अशी वाटणी झाली.

ट्रेला बटर पेपर लावून तुपाचा हात फिरवून ठेवा. कढईत साखर, ग्लुकोज आणि पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत ढवळा, त्यानंतर अजिबात ढवळू नका. कढईच्या कडेला चिकटलेले साखरेचे दाणे ओल्या फडक्याने किंवा ब्रशने खाली ढकला. एक दाणा जरी पाकात पडला तरी सारा पाक साखरू शकतो.

थेंबाची गोळी बोटावर चपटी व्हायला लागली की दुसऱ्या माणसाने अंडी फेटायला घ्यावी. भांडे कोरडे, तेलकटपणा नसलेले हवे आणि पांढऱ्यात पिवळ्याचा टिपूसही नको, कारण चरबी असली की फेस चढत नाही. भांडे तिरके केले तरी फेस हलत नाही, इतके फेटायचे. उरलेल्या पिवळ्या बलकाची पोळी करून मुलांना द्या.

पाकाची गोळी पक्की झाली, म्हणजे १२० अंशाच्या आसपास आली, की गॅस बंद. आता पाक बारीक धारेने फेसात ओतायचा आणि फेटणे थांबवायचे नाही. विजेचा बीटर असेल तर सात-आठ मिनिटे, हाताने पंधरा-वीस मिनिटे. हात भरून येतो, आळीपाळीने फेटा. मिश्रण चकाकी सोडून जाडसर झाले, उचलले की फितीसारखे पडू लागले, की मीठ, हॉर्लिक्स आणि लोणी हलक्या हाताने मिसळा. लगेच ट्रेमध्ये पसरा आणि दोन तास निवू द्या.

आमचा पहिला प्रयत्न फसला तो इथेच. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. मी घाईने पाक लवकर उतरवला. रात्रभर ठेवूनही तो पांढरा थर काही धरेना. चिकासारखा ओघळत राहिला. मुलांनी तो चमच्याने वाटीत घेऊन खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, "पाक कच्चा राहिला, आणि हवाही ओली हाय. आता दिवाळीनंतर बघू." साखर हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हा उद्योग करू नये. डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी याला उत्तम.

दुसरा थर: कॅरॅमल आणि दाणे

जाड बुडाच्या कढईत साखर, ग्लुकोज आणि पाणी घालून साखर विरघळू द्या. उकळी आली की लोणी आणि कन्डेन्स्ड मिल्क घाला. आता मात्र उलट नियम: क्षणभरही ढवळणे थांबवू नका, आच मंद ठेवा. दूध तळाला धरले की काळे ठिपके आणि करपट वास येतो.

पंधरा-वीस मिनिटांत रंग बदलत जाईल. आधी फिका, मग पिवळा, मग गुळासारखा. हा रंग साखर जळल्याचा नाही. दुधातली प्रथिने आणि साखर उष्णतेने एकत्र येऊन हा रंग आणि हा सुवास तयार होतो. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया सांगितली. भाकरीवर पडणारे तांबूस डाग, भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा, ही सारी तिचीच करणी.

थेंब पाण्यात टाकून पाहा. गोळी आकार धरू लागली, दाबली तर दबली, की गॅस बंद. मीठ आणि दाणे घाला. लगेच नूगटवर ओतू नका, खालचा थर वितळेल. दहा मिनिटे थांबा, मिश्रण जाड पण ओतण्याजोगे झाले की सारखे पसरा. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी सुरीला तूप लावून तुकडे पाडा.

चॉकलेटचे नखरे

चॉकलेटची लादी घेताना वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचा. ज्यात कोको बटर आहे ते खरे चॉकलेट. ज्यात त्याऐवजी वनस्पती तेल आहे त्याला बाजारात कंपाउंड म्हणतात. ते स्वस्त पडते, वितळवा आणि लावा, आपोआप घट्ट होते. पहिल्या वेळी तेच घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

खऱ्या चॉकलेटला मात्र शिस्त लागते. कोको बटर सुमारे ३४ अंशाला वितळते. आपले अंग ३७ अंशाचे, म्हणून ते तोंडात विरघळते, आणि म्हणूनच मे महिन्यात ते घरात टिकत नाही. वितळवून नुसते निवू दिले तर ते मऊ राहते, वर पांढुरके डाग येतात. ही बुरशी नव्हे, वर आलेली चरबी असते. ते टाळण्यासाठी दोन भाग चॉकलेट ४५ अंशापर्यंत वितळवा, खाली उतरवून राहिलेला एक भाग बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत राहा. काळे चॉकलेट ३१-३२ अंशाला आणि दुधाचे २९-३० अंशाला आले की वापरायला तयार. तापमापक नसेल तर थेंब खालच्या ओठाखाली लावा. किंचित गार लागला पाहिजे.

कोणतेही चॉकलेट थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी तापवा, गॅस बंद करा, वर कोरडे भांडे ठेवून त्यात वितळवा. पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी चॉकलेट आवळून गोळा होते. तुकडे फ्रीजमधून काढून तसेच बुडवू नका, त्यांना घाम सुटतो. काट्या-चमच्याच्या काट्यावर तुकडा घेऊन बुडवा, भांड्याच्या काठावर काटा दोनदा आपटा आणि बटर पेपरवर ठेवा.

बुडवताना सांडलवंड करू नये, हे सांगायला आणखी एक कारण आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथले पीक घटल्याने २०२४ साली कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षे तो दोन-तीन हजारांच्या घरात होता. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दिलेल्या अहवालानुसार या दोन देशांत कोकोच्या कामात बालमजुरी करणारी मुले सुमारे १५ लाख ६० हजार होती. मी हे वाचून दाखवले तेव्हा धाकट्याने विचारले, "ती मुलं शाळेत कधी जातात?" मला उत्तर देता आले नाही. पण त्या दिवशी भांड्याच्या कडेला लागलेले चॉकलेटही त्याने पुसून घेतले.

सावधान!

हा खेळ नव्हे. उकळते पाणी अंगावर पडले तर ओघळून जाते. पाक १२० अंशाचा असतो आणि कातडीला चिकटून बसतो. पाक कढईत असताना मुलांनी चार हात लांब उभे राहावे. त्यांना दाणे सोलायला, चॉकलेट चिरायला, कागद कापायला द्या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कढईचा दांडा आत वळवून ठेवा.

भाजलेच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बांगड्या, अंगठी काढा. चिकटलेला पाक ओढून काढू नका, पाण्याने तो विरघळेल. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नका. मोठा फोड आला, किंवा तोंडाला वा बोटांच्या सांध्यांना भाजले, तर दवाखाना गाठा.

किती खावे, विकावे का?

घरचे म्हणजे पौष्टिक, असा समज करून घेऊ नका. वर दिलेल्या प्रमाणात साठ तुकडे केले तर एका तुकड्यात साधारण तीन चहाचे चमचे साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेही दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत. त्यात आपला चहाही आला. मुलांची मर्यादा याहून कमी. तेव्हा दिवसाला एक तुकडा, आणि रात्री दात घासून झोपणे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी करावे, वाटावे आणि हात आवरावा.

स्वस्त पडते का? खरे सांगते, पहिल्या वेळी नाही. ग्लुकोज, लोणी, चॉकलेट यांना पैसे पडतात. रोजच्या खाऊला चिक्कीच बरी. ती पोटाला आणि खिशाला, दोन्हींना मानवते. हा बार वाढदिवसाचा, निकालाच्या दिवसाचा. पण मोजून पाहा. दुकानातले तेवढ्या वजनाचे बार घेतले असते तर किती झाले असते, हा हिशेब मुलांकडून करून घ्या. गणिताचा धडा होईल.

काही भगिनी विचारतील, बचत गटातून विकता येईल का? येईल. मात्र अन्नसुरक्षा कायदा २००६ प्रमाणे घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. पाकिटावर घटक आणि तारीख लिहा. शेंगदाणे, दूध, अंडे असल्याचे ठळक अक्षरांत लिहा, कारण काहींना शेंगदाण्याने जिवावर बेतू शकते. माल आठवडाभरात संपेल एवढाच करा.

बेचाळीस तुकडे

डिसेंबरात आम्ही दुसऱ्यांदा घाट घातला. या वेळी सासूबाई वाटी घेऊन शेगडीजवळ ठाण मांडून बसल्या. मी तीनदा म्हणाले, "झालं का?" आणि त्यांनी तीनदा मान हलवली. चौथ्यांदा गोळी बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "उतरव." तापमापक पाहिला. १२०.

थोरलीने बटर पेपरचे चौकोन कापले, तुकडे गुंडाळले. धाकट्याने मोजले. त्याच्या वर्गात बेचाळीस मुले आहेत. त्याचा वाढदिवस जानेवारीत. बेचाळीस तुकडे डब्यात घालून तो शाळेत गेला. चौघांत एक नाही, प्रत्येकाला एक.

संध्याकाळी आला तो रिकामा डबा घेऊन. मी विचारले, "काय म्हणाली मुलं?"

"कुठल्या कंपनीचं, म्हणाली. कागदावर नाव नव्हतं ना."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आजीनं पाण्यात बघून केलंय."

भगिनींनो, फ्रँक मार्सच्या आईला ठाऊक नव्हते की अधू पोराचे मन रमवता रमवता आपण त्याच्या हातात काय देतो आहोत. आपल्यालाही ठाऊक नसते. या थंडीत एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन हा बार जरूर करून पाहा. घरात आजी असेल तर तिला शेगडीजवळ मानाची जागा द्या. आणि पाक चढवण्याआधी वाटीत गार पाणी घ्यायला विसरू नका.